ऑपेराचा बॉक्स सेट घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या कपाटात ऑपेराच्या चित्रित प्रयोगांचे काही संच आहेत. त्यातले दोन झिजेपर्यंत पाहिलेत, एकाचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. कपाट पाहून लोक जे विचारतात त्याची उत्तरं खाली आहेत. हेच प्रश्न मी एकेकाळी स्वतःला विचारायला हवे होते.

घेऊ की नको, आधी तेवढं सांगा.

संचात एकच मोठी कृती असेल आणि तिचा एक अख्खा अंक तुम्ही आधी न उठता पाहिला असेल, तर घ्या. ‘जगातले पन्नास महान ऑपेरा’ छापाचं काही असेल तर राहू द्या.

संच तो संच. त्यात फरक कसला?

फरक आहे. मी त्यांना संच आणि गाठोडं म्हणतो. संचात सगळे भाग एकमेकांना बांधलेले असतात, एक काढला तर बाकीचे लंगडे पडतात. गाठोड्यात एका कंपनीने आपल्या गोदामातली दहा-बारा रेकॉर्डिंग एका खोक्यात भरलेली असतात. एखाद्या गायकाच्या नावाने, एखाद्या थिएटरच्या नावाने किंवा नुसतंच सणासुदीला.

मधली एक जातही आहे: संगीतकाराचं समग्र. 2006 साली मोझार्टच्या जन्माला 250 वर्षं झाली तेव्हा साल्झबुर्ग महोत्सवाने त्याच्या सगळ्या, म्हणजे 22 रंगमंचीय कृती सादर केल्या आणि त्यांचा ‘एम 22’ नावाचा 33 डीव्हीडींचा ठोकळा निघाला. 2013 साली व्हेर्दीची द्विशताब्दी होती, त्या निमित्ताने ‘तुत्तो व्हेर्दी’ आला. 26 ऑपेरा आणि रेक्विएम (मृतांसाठीची संगीतबद्ध प्रार्थना), बहुतेक इटलीतल्या पार्माच्या तेआत्रो रेजिओ या थिएटरातले. दोन्ही कामं थोर. पण मोझार्टने अकराव्या वर्षी लिहिलेला ऑपेरा तुम्ही किती वेळा लावणार आहात? ज्ञानेश्वरी ते अमृतानुभव सगळं घरात हवं असं म्हणणारे वाचक असतात, त्यांच्यासाठी ते समग्र. बाकीच्यांनी ‘फिगारो’ आणि ‘डॉन जिओव्हान्नी’ सुटे घ्यावेत.

छोटा आणि खरोखर एकजीव संच म्हणजे झुरिकमधला मॉन्तेव्हर्दीचा. तीन ऑपेरा, दिग्दर्शक ज्याँ-पिएर पॉनेल, वाद्यवृंदाची धुरा निकोलाउस हार्नोनकूर्टकडे. एकच चमू, एकच दृष्टी. चारशे वर्षांपूर्वीचं संगीत आहे, पण कानाला जुनं लागत नाही.

मी आयुष्यभर नाट्यसंगीत ऐकलं. ऑपेरा मला कळेल का?

उलट तुम्हाला काही गोष्टी पटकन कळतील. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगवलं तेव्हापासून आपल्याला माहीत आहे की माणूस बोलता बोलता गायला लागतो आणि त्यात विचित्र काही नसतं. नाटक रात्रभर चालतं, हेही आपल्या पणजोबांना माहीत होतं. पुण्यामुंबईत वाढलेल्या माणसाला ‘पण ते गातात का?’ हा प्रश्न पडू नये.

जड जातं ते दुसरंच. आपल्याकडे पद येतं, ते रंगतं, ‘वन्स मोअर’ मिळतो, मग गद्य संवाद सुरू होतो. मोझार्टच्या 1791 सालच्या ‘जादूची बासरी’त तसंच आहे, मध्ये मध्ये चक्क बोलणं आहे, म्हणून आपल्या माणसाने सुरुवात तिथून करावी. जर्मन संगीतकार वाग्नरकडे मात्र पद संपतच नाही. टाळी कुठे द्यायची ते सापडत नाही. पहिल्या वेळी मी तासभर समेची वाट पाहत बसलो होतो.

आवाजाचंही आहे. हे गायक मायक्रोफोनशिवाय तीन-चार हजार माणसांच्या सभागृहात मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून ऐकू जातात, त्यासाठी तो आवाज तसा घडवलेला असतो. आपल्याला सुरुवातीला तो ओरडल्यासारखा वाटतो. दोन-तीन संध्याकाळींनंतर कान बसतो. नाहीच बसला तर संच घेऊ नका, त्यात कमीपणा नाही.

सगळे जण ‘रिंग’चंच नाव का घेतात?

कारण बॉक्स सेट या प्रकाराला तो सगळ्यात जास्त शोभतो. रिचर्ड वाग्नरने 1848 ते 1874 अशी 26 वर्षं खर्चून चार ऑपेरांची ही मालिका लिहिली, शब्दही स्वतःचे. जर्मनीतल्या बायरॉइटला 1876 साली ती पहिल्यांदा सलग सादर झाली. ‘दास राइनगोल्ड’, ‘दी वाल्क्यूरे’, ‘सीगफ्रीड’, ‘ग्योटरडेमरुंग’. एकूण अंदाजे पंधरा तास. यातला एकच विकत घेणं म्हणजे महाभारतातलं नुसतं उद्योगपर्व घेण्यासारखं आहे.

गोष्ट घरगुती भाषेत सांगायची तर: देवांच्या राजाने, वोटानने, दोन राक्षसांकडून टोलेजंग वाडा बांधून घेतला, मोबदल्यात मेव्हणी देण्याचं कबूल केलं, आणि वाडा झाल्यावर शब्द फिरवायला बघतो. मग पैसे चुकवायला चोरीचं सोनं आणलं जातं, त्यात एक शापित अंगठी असते, आणि पुढचे तेरा तास सगळे त्या एका लबाडीची किंमत मोजतात.

सुरुवात तर आपल्याच कानांसाठी केल्यासारखी आहे. पडदा उघडण्याआधी वाद्यवृंद एकच ई-फ्लॅटचा सूरसंच धरतो आणि 136 मात्राखंड, म्हणजे चारेक मिनिटं, तो सोडत नाही. खालून खर्ज, त्यावर एकेक हॉर्न, त्यावर हलणारं पाणी. युरोपियन समीक्षक याला नदीचा जन्म वगैरे म्हणतात. माझ्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “तानपुरे अजून जुळले नाहीत का त्यांचे?” इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

‘रिंग’चे संच पाच-सात दिसतात. कोणता घ्यायचा?

खरी निवड दोघांत आहे, बाकीचे नंतर.

पहिला, बायरॉइटचा, दिग्दर्शक पात्रिस शेरो आणि वाद्यवृंदाचा संचालक पिएर बुलेझ यांचा. 1976 साली, शताब्दीच्या वर्षी, वाग्नरच्या घरच्या थिएटरात दोन फ्रेंच माणसं आली. दिग्दर्शक अवघा 31 वर्षांचा. त्याने राइन नदीच्या जागी जलविद्युत धरण उभं केलं, देवांना एकोणिसाव्या शतकातल्या कारखानदारांचे लांब कोट घातले. पहिल्या वर्षी प्रेक्षागृहात शिट्ट्या आणि शिव्या. 1980 साली शेवटच्या प्रयोगाला तासाहून जास्त वेळ टाळ्या. चित्रीकरण 1979 आणि 1980 सालचं आहे, रिकाम्या थिएटरात खास कॅमेऱ्यासाठी केलेलं, म्हणून खोकला नाही आणि टाळ्याही नाहीत. डोनाल्ड मॅकिन्टायरचा वोटान, ग्विनेथ जोन्सची ब्रुनहिल्ड, म्हणजे वोटानची मुलगी. जोन्सचा आवाज काही ठिकाणी थरथरतो, हे खरं. पण चेहरा बघा.

दुसरा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा (‘मेट’चा), दिग्दर्शक ऑटो शेंक आणि संचालक जेम्स लेव्हाइन यांचा. चित्रीकरण 1989 आणि 1990 सालचं, आणि जून 1990 मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने तो ओळीने चार रात्री दाखवला. इथे कडे म्हणजे कडे, जंगल म्हणजे जंगल, भाला म्हणजे भाला. वाग्नरने कंसात लिहिलेल्या सूचना जवळपास तशाच्या तशा. जेम्स मॉरिस, हिल्डेगार्ड बेहरेन्स, जेसी नॉर्मन, क्रिस्टा लुडविग, कुर्ट मोल, माटी साल्मिनेन. अशी नावं एका खोक्यात म्हणजे एका रात्रीत सगळे खाँसाहेब. दोष एकच: रंगमंच फार काळोखा. ट्यूबलाइट चालू ठेवून पाहिलात तर दोन तास तुम्हाला फक्त एक तपकिरी डाग हलताना दिसेल.

गंमत म्हणजे दोन्हीकडे कॅमेऱ्यांमागचा दिग्दर्शक एकच, ब्रायन लार्ज. तरी दोन वेगळी जगं वाटतात.

फरक जवळून बघायचा असेल तर ‘वाल्क्यूरे’च्या दुसऱ्या अंकातलं वोटानचं लांबलचक स्वगत लावा. तो मुलीला सांगतोय की माझे हात माझ्याच करारांनी बांधलेत. शेंककडे मॉरिस खडकावर बसून गातो आणि काय गातो! तुम्ही डोळे मिटले तरी चालेल. शेरोकडे त्याच्यासमोर मोठा आरसा आहे आणि बाजूला छतापासून टांगलेला लोलक संथपणे झुलतोय. मॅकिन्टायर स्वतःकडे बघत स्वतःला खोटं पाडतो. आवाज जवळजवळ कुजबुजीवर येतो. तिथे डोळे मिटणं परवडत नाही. मग ठरवा: तुम्ही मुळात कानाचे की डोळ्याचे?

माझं मत विचारलंत तर शेरो. ‘ग्योटरडेमरुंग’च्या शेवटी सगळं जळून गेल्यावर मागे उरलेली साधी माणसं आगीकडे बघत उभी असतात, आणि मग हळूहळू वळून आपल्याकडे बघतात. एवढंच. कोणी काही गात नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री भांडी घासायची राहिली होती, ती सकाळीच घासली. पण ज्याला ‘रिंग’ची गोष्टच माहीत नाही त्याला मी आधी शेंक देतो. चौकट माहीत असल्याशिवाय ती मोडल्याची मजा कळत नाही.

तिसरं नाव मुंबईकरांच्या जिव्हाळ्याचं: स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा संच, वाद्यवृंदाचे संचालक झुबिन मेहता. मुंबईत 1936 साली जन्मलेला हा माणूस, ज्याच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, इथे बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. रंगमंच ‘ला फुरा देल्स बाउस’ या कॅटलान मंडळींचा. देव क्रेनसारख्या गाड्यांवर उंच तरंगतात, त्या गाड्या माणसं ढकलत असतात, आणि टांगलेल्या मानवी देहांची जाळी होते. चित्र नव्या जमान्याचं, रुंद आणि स्वच्छ. मोठा टीव्ही नवीन घेतला असेल आणि पाहुण्यांना थक्क करायचं असेल तर हाच. मला मात्र त्यात माणसं थोडी लहान वाटतात.

कोपनहेगनचा 2006 सालचा संच, दिग्दर्शक कास्पर होल्टेन, हा दुसऱ्या खरेदीसाठी ठेवा. तो ब्रुनहिल्डच्या नजरेतून सांगितला आहे आणि चवीने बघायचा आहे.

हे सिनेमे आहेत की नाटकाचं शूटिंग?

तीन जाती आहेत, खोक्यावर ते नीट लिहिलेलं नसतं. एक, प्रेक्षकांसमोरचा प्रयोग. दोन, थिएटरातच पण कॅमेऱ्यासाठी, शेरोसारखा. तीन, सरळ चित्रपट: इंगमार बर्गमनची 1975 सालची ‘जादूची बासरी’, तीही स्वीडिशमध्ये, किंवा झेफिरेल्लीचा 1982 सालचा ‘ला त्राव्हियाता’. चित्रपटात गाणं आधी ध्वनिमुद्रित असतं आणि ओठ नंतर हलतात. काहींना ते खटकतं. हिंदी सिनेमावर वाढलेल्या आपल्याला खटकायचं कारण नाही.

एक अचाट अपवाद 1992 सालचा. ‘तोस्का’ची गोष्ट रोममधल्या ज्या चर्चमध्ये, राजवाड्यात आणि किल्ल्यात घडते, त्याच जागी, संहितेत दिलेल्या त्याच वेळांना, तीन अंक थेट प्रक्षेपित केले गेले. शेवटचा अंक पहाटे. मेहता वाद्यवृंदासह दुसरीकडे, गायक किल्ल्यावर. हे एकटं मिळालं तरी घ्या.

सगळं ऑनलाइन असताना डिस्क कशाला?

बहुतेकांना नकोच. मेटची ‘ऑन डिमांड’ सेवा आहे, शेंकचा ‘रिंग’ तिथे आहेच. ‘मेडिची’ आहे, डॉइच ग्रामोफोनची ‘स्टेज प्लस’ आहे. ‘ऑपेराव्हिजन’वर युरोपातल्या थिएटरांचे प्रयोग ठराविक काळासाठी फुकट असतात. मार्च 2020 मध्ये मेटने रोज रात्री एक ऑपेरा मोफत दाखवायला सुरुवात केली, तेव्हा माझ्या ओळखीतल्या तीन कुटुंबांनी आयुष्यातला पहिला ऑपेरा पाहिला.

तरी मी डिस्क ठेवतो. एक, ऑनलाइनवरून प्रयोग न सांगता नाहीसे होतात. हक्क संपले की गेले. दोन, आमच्याकडे पावसाळ्यात इंटरनेट नेमकं तिसऱ्या अंकात जातं. तीन, आणि हे खरं कारण, कपाटात दिसणारी वस्तू आठवण करून देते. यादीत जतन केलेला ऑपेरा मी आजवर एकदाही उघडलेला नाही.

शहाणा मार्ग असा: एका महिन्याची वर्गणी भरा आणि ‘वाल्क्यूरे’चा पहिला अंक बघा. साधारण तासाभराचा आहे. एक घर, मधोमध झाडाचा बुंधा, त्यात रुतलेली तलवार, बाहेर वादळ, आणि फक्त तीन माणसं. तो संपल्यावर तुम्ही लगेच दुसरा अंक लावलात तर संच घ्या. फोन बघायला उठलात तर पैसे वाचले.

यूट्यूबवरचे तुकडे बघून ठरवलं तर?

नाही. ‘राइड ऑफ द वाल्क्यूरीज’ सगळ्यांनाच आवडतं. आमटीला फोडणी देतानाच्या वासावरून जेवण ठरवू नये.

डीव्हीडी की ब्लू-रे?

मूळ चित्रीकरण कधीचं आहे ते बघा. 2006-07 नंतरचं बहुतेक हाय डेफिनिशन आहे, तिथे ब्लू-रेने खरोखर फरक पडतो. 1980-90 च्या व्हिडिओ टेपवरून ब्लू-रे काढला तरी टेपमध्ये नव्हतं ते कुठून येणार? शेरो आणि शेंक डीव्हीडीवर घेऊन तुमचं काही जात नाही. दोन्हींची चौकट जुन्या टीव्हीची, चारास तीन. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. त्या येऊ द्या! रिमोटने चित्र ताणून पडदाभर केलंत तर ब्रुनहिल्ड आडवी होते.

प्लेअरचं आधी बघा. सॅमसंगने 2019 साली नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं, ओप्पोने त्याच्या आदल्या वर्षी. दुकानात पर्याय कमी होत चाललेत. माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेअर चालतो का, त्याच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी नव्या टीव्हीला लागतात का, हे संच मागवण्याआधी तपासा. नव्या टीव्हींना त्या भोकांची जागाच नसते बऱ्याचदा. आणि टीव्हीच्या मागच्या आवाजावर वाग्नर ऐकणार असाल तर थांबा. दोन बऱ्या स्पीकरना आधी पैसे घाला, संचाला नंतर.

रीजन कोडची काय भानगड असते?

डीव्हीडीसाठी भारत रीजन 5, ब्लू-रेसाठी रीजन सी. अमेरिकेतली किंवा युरोपातली सिनेमाची डिस्क त्यामुळे इथे अडू शकते. ऑपेराच्या डिस्क मात्र बहुतांशी सर्व प्रदेशांसाठी असतात. खोक्याच्या मागे शून्य किंवा ‘ऑल’ लिहिलेलं शोधा. दिसलं नाही तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

मराठी सबटायटल्स असतात का?

मला एकाही संचात मराठी किंवा हिंदी सापडलेली नाहीत. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, हल्ली चिनी, कोरियन आणि जपानीसुद्धा. आपण कधी येऊ कोण जाणे.

इंग्रजी सबटायटल्समध्ये वाग्नरची भाषा पार इस्त्री होऊन येते. म्हणून अंक लावण्याआधी त्याचा सारांश वाचून घ्या, आणि घरात कोणाला इंग्रजी वाचायला त्रास होत असेल तर पाच मिनिटांत गोष्ट सांगा. आम्ही तसंच करतो. कीर्तनात आख्यान आधी ठाऊक असतं म्हणून कोणी उठून जात नाही.

एका ऑपेरात आपल्याला थोडी मालकी वाटते. फिलिप ग्लासचा ‘सत्याग्रह’, पहिला प्रयोग 1980 साली रॉटरडॅमला. विषय दक्षिण आफ्रिकेतले गांधी आणि शब्द भगवद्गीतेतले, संस्कृतमध्येच. अमेरिकन प्रेक्षक अर्थाविना ऐकतात आणि आपण उच्चारांना हसत, अध्याय ओळखत बसतो.

किंमत वाजवी आहे हे कसं ओळखायचं?

डिस्कच्या संख्येने भागू नका, संध्याकाळींनी भागा. ‘रिंग’मध्ये ‘राइनगोल्ड’ची एक बैठक आणि बाकी तिघांचे तीन-तीन अंक, म्हणजे दहा संध्याकाळी. समजा संच 6,000 रुपयांना पडला, तर संध्याकाळी 600. दोघे बघणार असाल तर माणशी 300, आणि दुसऱ्यांदा पाहिलात की 150. मल्टिप्लेक्सचं तिकीट आणि पॉपकॉर्न यांच्याशी तुलना तुम्हीच करा.

आता 15,000 चं गाठोडं घ्या. ‘प्रत्येक ऑपेरा अवघ्या पाचशेला!’ असं जाहिरात म्हणेल. प्रत्यक्षात तुम्ही पाच बघाल. म्हणजे तीन हजाराला एक. बाकीचे पंचवीस तुमच्याकडे बघत बसतील.

अजून एक सापळा: जुनेच प्रयोग नव्या लेबलखाली, नव्या वेष्टनात पुन्हा येतात. वेष्टन बघू नका. थिएटर, वर्ष, संचालक, दिग्दर्शक, या चार गोष्टी जुळल्या तर ते तुमच्या घरात आधीच आहे.

परदेशातून मागवावा का?

येणारं-जाणारं कोणी असेल तर त्यांच्याबरोबर. पातळ खोका आहे, चितळ्यांच्या बाकरवडीच्या बदल्यात लोक आनंदाने आणतात. कुरियरने मागवलात तर टपालखर्च आणि कस्टम धरून हिशेब करा, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेला संच दारात आल्यावर महाग होतो. जुने, वापरलेले संच परदेशात खूप निघतात, कारण तिकडचे संग्राहक आता जागा मोकळ्या करतायत. माझा शेरो असाच आला, आत कोणाची तरी 1990 च्या दशकातली कपडे धुलाईची पावती होती.

संच घरी आल्यावर पहिलं काय करायचं?

सगळ्या डिस्क त्याच आठवड्यात तपासा. प्रत्येकीची सुरुवात, मध्य आणि शेवट.

मी हे केलं नाही. शेंकचा संच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला, नवाकोरा, आणि चातुर्मासात हप्त्याहप्त्याने बघत गेलो. पाचव्या महिन्यात शेवटच्या डिस्कवर आलो. नायक सीगफ्रीडच्या पाठीत भाला घुसला, तो पडला, त्याची शवयात्रा निघाली, वाद्यवृंद तो भयंकर दुहेरी ठोका देतो, धड-धड... आणि चित्र गोठलं. चौकोन चौकोन झाले. डिस्क काढून मऊ कापडाने आतून बाहेर सरळ रेषेत पुसली. गोल फिरवून पुसू नये. परत लावली. पुन्हा तिथेच. परतीची मुदत तीस दिवसांची होती. विक्रेत्याने अत्यंत नम्र भाषेत दिलगिरी व्यक्त केली आणि तिथेच थांबला. आजही तो संच माझ्याकडे आहे, आणि त्यातला सीगफ्रीड अजून स्मशानात पोचलेला नाही.

पावसाळ्याचं काय?

कोकणात किंवा मुंबईत असाल तर डिस्कवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात, पुस्तिका फुगतात. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वरचेवर संच बघा. वापरातल्या डिस्कला बुरशी कमी लागते, असा माझा अनुभव आहे. शास्त्र विचारू नका.

मुलांबरोबर, आईवडिलांबरोबर बघता येईल?

‘जादूची बासरी’ खुशाल. ‘वाल्क्यूरे’च्या पहिल्या अंकात जे दोघं प्रेमात पडतात ते जुळे बहीण-भाऊ आहेत, आणि त्यांना ते कळल्यावरही थांबत नाहीत. सत्तरीच्या मावशींना बोलावण्याआधी एवढं लक्षात असू द्या. आमच्या मावशी म्हणाल्या, “पुराणात याहून भयंकर आहे,” आणि चहा मागितला. सगळ्यांच्या मावशी तशा नसतात.

पंधरा तास बघायचे तरी कसे?

एका दिवसात एक अंक. ‘राइनगोल्ड’ला मध्यंतर नाही, अडीच तास सलग, तो रविवारी दुपारी. ‘ग्योटरडेमरुंग’चं प्रास्ताविक आणि पहिला अंक मिळून दोन तासांच्या आसपास, त्या दिवशी लवकर जेवा. दोन अंकांत चार दिवसांपेक्षा जास्त खंड नको, कारण वाग्नर सुरुवातीला पेरलेली एखादी धून दहा तासांनी परत आणतो, आणि ती ओळखली तरच काटा येतो. रिमोट जवळ ठेवा. मागे जाऊन पुन्हा ऐकता येणं हा आपला हक्काचा ‘वन्स मोअर’ आहे. बायरॉइटमध्ये तो मिळत नाही.

विकत घेण्याआधी मोठ्या पडद्यावर कुठे बघायला मिळेल?

मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये मेटच्या प्रयोगांचे खेळ होतात. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊसही आहे. पंचम जॉर्जने 1911 साली उद्घाटन केलेली ही वास्तू पुढे नाटकांची आणि मग सिनेमाची झाली, 1993 साली बंद पडली आणि दुरुस्तीनंतर 2016 साली उघडली. त्या संध्याकाळी गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ, मुंबईत जन्मलेल्या गोवेकर कुटुंबातल्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीच्या गायिका. मधल्या कित्येक वर्षांत ‘ऑपेरा हाऊस’ हा आपल्यासाठी फक्त बसचा स्टॉप होता.

संच मित्राला उसना द्यावा का?

अख्खा संच कधीच नाही, एकेक डिस्क द्यावी, असं मी मानत होतो. माझ्या शेरोतली ‘सीगफ्रीड’ची पहिली डिस्क दोन वर्षांपासून डोंबिवलीला आहे. विचारलं की मित्र म्हणतो, “अरे, अजून तलवारच घडवतोय तो.”